किल्ली खिशात, इंजिन चालू

सातारा, ९ एप्रिल २०२५

आदरणीय दाजी यांस साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, माणसानं किल्ली फिरवली, उपसली आणि खिशात टाकली म्हणजे गाडी बंद होते, अशी माझी आजवर एक साधी समजूत होती. धर्म, लोकशाही आणि महावितरण यांच्यावरचा विश्वास उडाल्यावर एवढी एकच समजूत शिल्लक होती. तीही पाडव्याला तुमच्या दारातून गाडी घेऊन निघालो तेव्हा गेली.

मलकापूरला चहाला थांबलो. किल्ली काढली. गाडी चालूच. नीट चालू म्हणावी तर तसंही नाही. दमेकऱ्यानं जिना चढावा तशी हलत, खोकत, मागून धूर सोडत. चहावाला म्हणाला, "सायब, बंद करा की." मी म्हटलं, "बंदच आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि चहाचे पैसे आधी मागितले.

काल आमच्या कचेरीतल्या जुन्या साहेबांची शोकसभा होती. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहिले. बाहेर आपली गाडी एकटीच बोलत होती.

सुरू व्हायचं म्हणाल, तर सकाळी गार असताना होते. एकदा तापली की मग दहा मिनिटांनी किल्ली मारा, नुसती कुईकुई. आणि पेट्रोलचा वास असा, की शेजारी विडी विझवून लांब जाऊन उभे राहतात.

आबांनी जाताना घालून दिलेले नियम तुम्हाला पाठ आहेतच. तरी तक्रार रीतसर असल्यानं पुन्हा लिहितो. वडिलार्जित गाडी आक्काची आणि माझी, दोघा बहीणभावांची. विहिरीच्या पाण्यासारखी तिची पाळी. दसरा ते पाडवा आक्काकडे, म्हणजे तुमच्याकडे कडेगावात. पाडवा ते दसरा माझ्याकडे. ज्याच्या पाळीत बिघडेल त्याची एक पाळी बुडाली. आणि गाडीबद्दल फोनवर बोलायचं नाही, लिहायचं. कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कुणीच उरत नाही, असं आबांचं निरीक्षण होतं.

बिघाड तुमच्या पाळीतला आहे. खुलासा व्हावा.

आपला,
वीरधवल

*

कडेगाव, १४ एप्रिल २०२५

वीरधवल पावणं यांस जयराजचा रामराम.

पत्र पावलं. तुमची भन म्हनली, लय गोड लिवलंय. मला काय गोड लागलं न्हाई.

आमच्या पाळीत गाडी जागची हलली न्हाई. फेब्रुवारीत दूध संस्थेची निवडणूक झाली, त्यात मी पडलो, हे तुमाला ठावं हाय. तवापास्नं मी गाडीला हात लावला न्हाई. तुमच्या आक्कानं आठवड्यातनं एकदा चालू करून ठेवली असंल तेवढंच. फौजेत मी असल्या गाड्या बर्फात चालू केल्यात. हितं उनात गाडीला काय हुतंय?

दोष तुमच्या सातारच्या पेट्रोलचा हाय, न्हाईतर चालवनाऱ्याचा. कुनाचा ते माझ्या तोंडानं कशाला.

बंद हुत न्हाई तवा घाबरायचं न्हाई. चौथ्या गेरात टाका, ब्रेक घट दाबून धरा आन क्लच सोडा. गपकन मरती. आमी फौजेत असंच मारायचो.

खुलासा संपला.

जयराज
सुभेदार (निवृत्त)

*

सातारा, १९ एप्रिल २०२५

आदरणीय दाजी यांस नमस्कार.

तुमचा फौजी उपाय केला. गाडी मेली. पण एकटी मेली नाही.

पोवई नाक्यावर थांबलो. किल्ली काढली, गाडी खोकू लागली. तुमचं पत्र आठवलं. घाईत चौथ्याऐवजी पहिला गेअर पडला. ब्रेक दाबायचा होता हेही आठवलं, पण क्लच सोडल्यानंतर. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि समोरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समध्ये तोंड खुपसून शांत झाली. फ्लेक्सवर एक भावी नगरसेवक हात जोडून उभे होते. ते बॉनेटवर पालथे पडले. हात तसेच जोडलेले.

त्यांचे चार वर्तमान कार्यकर्ते आले.

"काय ओ काका, सायबांच्या वाडदिवसाला सायबांच्याच तोंडावर गाडी घालता?"

"अहो, गाडी बंद होती."

"बंद गाडी उडी मारती व्हय?"

मी खिशातून किल्ली काढून दाखवली. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. दुसरा बांबू येईपर्यंत मला भावी नगरसेवकांना दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागलं. माझ्या बायकोच्या भिशीतल्या तिघीजणी तेवढ्यात तिथून गेल्या. प्रियदर्शनीला घरी बातमी पोचली ती अशी, की मी पक्षप्रवेश केला.

तुमच्याकडे दुसरा काही उपाय असेल तर, कृपया, ज्यात गाडी जागेवरच राहते असा सांगा.

वीरधवल

*

कडेगाव, २३ एप्रिल २०२५

पावणं, रामराम.

ज्याला पयला आन चौथा गेर कळत न्हाई त्यानं सासरवाडीला सुदिक यस्टीनं जावं.

आता ध्यान देऊन वाचा. चोक म्हंजे काय? इंजिनाची हवा कमी करायची, की पेट्रोल जादा जातं. गार इंजिनाला ते लागतं. तापलेल्याला लागत न्हाई, उलट त्याला ठसका बसतो. म्हनून तापल्यावर चालू हुत न्हाई आन वास येतो. मग ते जादाचं पेट्रोल धड जळत न्हाई, त्याची आत काजळी धरती. काजळी निखाऱ्यावानी लाल ऱ्हाती. तुमी किल्ली काढली, ठिणगी बंद झाली, पर निखारा हाय की! त्याच्यावर पेट्रोल पेटत ऱ्हातं. म्हनून गाडी बंद हुत न्हाई. कळलं?

तुमी चोक वडून तसाच ठेवत असनार. काय तर इचार करत बसायची तुमाला सवय हाय.

चोक आत असंल, तर मग हवा दुसरीकडं कुटं तर अडतीया. कारबुरेटरच्या डोक्यावर काळा डबा हाय. त्यात हवेची जाळी असती. झाकान काढा, जाळी बघा. सातारची धूळ निघंल. जे निघंल ते मला लिवा. लपवायचं न्हाई.

जयराज

*

सातारा, २८ एप्रिल २०२५

आदरणीय दाजी,

लपवत नाही. गुलाल निघाला.

चोक आत होता. डबा उघडला. जाळी बाहेर काढून अंगणात आपटली आणि मी, प्रियदर्शनी व शेजाऱ्यांचं मांजर, तिघंही गुलाबी झालो. प्रियदर्शनी अजून शिंकते आहे. कारबुरेटर खोलला, तर पेट्रोलच्या वाटीत तळाशी गुलाबी चिखल. गाडी मंद चालावी म्हणून एका बारीक भोकातून थोडं थोडं पेट्रोल येतं, ते भोक गुलालानं लिंपलेलं. मंद चालेना म्हणून कुणीतरी हुशारानं बाहेरचा स्क्रू आवळून इंजिन कायमचं पळतं ठेवलेलं. जाळी बंद, म्हणून पेट्रोल जादा. पेट्रोल जादा, म्हणून निखारे. आणि वर पळतं इंजिन. थांबेल कसं? तुमचं शास्त्र अक्षर न् अक्षर खरं ठरलं, दाजी. अभिनंदन.

आता माझा प्रश्न. आपल्या पाळीत गाडी जागची हलली नाही म्हणता. मग कडेगावात गुलालाचा पाऊस पडतो काय? निवडणुकीत आपण पडलात. पडलेल्याच्या गाडीत ओंजळभर गुलाल, तर जिंकलेल्यांनी काय विमानातून उधळला? की निकालाआधीच मिरवणूक काढून पाहिलीत, सराव म्हणून?

गाडी कुणाला दिली होतीत ते सांगून टाका. फौजी माणूस खोटं बोलत नाही असं ऐकून होतो. आबांच्या नियमानं येत्या दसऱ्याची तुमची पाळी बुडाली. गाडी माझ्याकडेच राहील.

वीरधवल

*

कडेगाव, ३ मे २०२५

वीरधवल,

मी पडलो. एकवीस मतांनी पडलो. पडलेल्या मानसाच्या गाडीवर गुलाल कोन टाकतं? ही थट्टा तुमी माझ्याशी करायला नको हुती.

निकालादिवशी मी मोजनीतनं थेट मळ्यातल्या खोलीवर गेलो. दोन दिस फोन बंद करून तितंच पडून ऱ्हायलो. गुलाल लावलेलं एक मानूस माझ्या नजरंला नको हुतं. तवापास्नं मी डेअरीचा उंबरा चढलो न्हाई. दुधाची किटली गडी घेऊन जातो.

मला खोटं पाडलंसा. ठीक हाय. त्या दोन दिसांत माझ्या दारातनं गाडी कुनी न्हेली, ते मी हुडकून काढनार. मिरजेत माझ्या भनीच्या डोळ्याचं आपरेशन हाय. बारा तारखेला तुमच्या आक्काला तितं सोडतो आन माघारी येऊन गावात, वाड्यावस्त्यांवर, घर न् घर इचारतो. ज्यानं न्हेली त्याला डेअरीसमूर उभा करतो.

जयराज

*

कडेगाव, ३ मे

वीरू,

हे पत्र वाचून चुलीत घाल. गॅस असंल तर गॅसवर जाळ, पन जाळ.

गाडी मी नेली होती. ओरडू नको, ऐक.

आमच्या पलीकडच्या वाडीतली मनुबाई तुला ठाऊक हाय, माझ्यासंगं डेअरीत दूध घालती ती. ती बायकांच्या जागेवर उभी राहिली, पण तुझ्या दाजींच्या इरुद्ध पॅनलातनं. मतं दोन होती. एक मी तुझ्या दाजींना दिलं, देवाशपथ. दुसरं मनुबाईला दिलं. तिनं पंधरा वर्षं डेअरीत फॅट मोजताना बायकांच्या बाजूनं भांडण केलं हाय, बाकी कोन करतं? ती निवडून आली. हे पडले. हे मळ्यात जाऊन निजले. हिकडं तिच्या पॅनलच्या गड्यांनी जीपगाड्या आपापल्या पुढाऱ्यांसाठी नेल्या, आणि मनुबाई हार घालून पायी निघाली. तिचा फोन आला, "आक्का, मी चालत जाऊ व्हय गं वाडीला?" मग माझ्यानं राहवलं न्हाई. तोंडाला स्कार्फ बांधला आन आबांची गाडी काढली.

काय सांगू, वीरू, काय गुलाल उधळला! पांढरी गाडी जास्वंदीवानी झाली. कुणी ओळखली न्हाई. मधीच दोनदा बंद पडली, तवा वाडीतल्या कोंडीबा फिटरनं भर गुलालातच त्या डब्याचं झाकण काढलं, आन वर स्क्रू आवळून दिला. म्हणला, आता बंद पडनार न्हाई. पडली न्हाई बाबा. आता बंदच होत न्हाई. घरी आणून हिरीवर धुतली. वरनं धुतली, आतलं मला काय ठावं?

यांनी वाडीत इचारलं की संपलं. नवरा पडला आन बायको गुलालात नाचली, हे गावभर होईल. हे मला घराबाहेर काढणार न्हाईत. पण माझ्यासंगं बसून जेवायचं बंद करतील. ते मला लय लागंल. यांनी आजवर माझ्याशिवाय ताटावर हात धुतला न्हाई.

काय बी कर, पण बारा तारखेच्या आत कर. तू कायतरी लिव. तुला लिवता येतं.

आक्का

*

सातारा, ७ मे २०२५

आदरणीय दाजी यांस साष्टांग नमस्कार, आणि हा साष्टांग खरोखरचा समजावा.

चौकशी करू नका. गुलाल माझा आहे.

सहा एप्रिलच्या रविवारी मी गाडी घेऊन जोतिबाला गेलो होतो. चढावर गाडी तापली. इंजिनाला जरा वारा लागावा म्हणून मी बॉनेट उघडं ठेवलं, आणि वारा थेट पोटात जावा म्हणून काळ्या डब्याचं झाकणही काढून ठेवलं आणि दर्शनाला गेलो. परत येईपर्यंत कुणाची तरी सासनकाठी शेजारून गुलाल उधळत नाचत गेली होती. मी झाकण लावलं. गाडी मंद चालेना, म्हणून एक स्क्रू दिसला तो आवळला.

असं कुणी करेल का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. मी करू शकतो, याबद्दल तुम्हाला गेल्या तीस वर्षांत शंका आलेली नाही, ती आताही येऊ देऊ नये.

तुम्हाला खोटं म्हटलं, ते शब्द मागे घेतो. नियमानं माझी पाळी बुडाली, हे मान्य.

वीरधवल

*

कडेगाव, ११ मे २०२५

पावणं, रामराम.

झाकान काढून जोतिबाला गुलालात गाडी उभी करनारा मानूस उभ्या सातारा जिल्ह्यात एकच असंल, आन तो माझा मेव्हणा असावा हे माझं नशीब. पटलं. लगीच पटलं.

पर पयल्या पत्रात तुमी लिवलंय की पाडव्यादिवशीच मलकापूरला गाडी बंद हुईना. पाडवा तीस मार्चला, जोतिबा सहाला. म्हंजे चहावाल्याची गोस्ट बी थापच. मी मुद्दाम समदी पत्रं पुन्यांदा वाचली. गोस्ट लय चांगली हुती, खोटी निघाली म्हनून वाईट वाटलं.

निकाल: तुमची चालू पाळी रद. कारबुरेटर साफ करा, जाळी नवी घाला, स्क्रू जाग्यावर आना, गाडी कडेगावात आनून सोडा. आता पुढच्या पाडव्यापत्तुर ती आमच्याकडं. तुमची भन हे ऐकून लय गप झाली. तिला तुमची दया आली असंल.

चौकशी बंद केली हाय.

एक सांगायचं ऱ्हायलं. रागात हुतो म्हनून मागं लिवलं न्हाई. निवडणुकीच्या शेवटच्या सभेला तुमी येतो म्हनाला हुता. पयल्या वळीत माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठनं धरली. तिच्यावर माझी टोपी ठिवली. तिगं येऊन इचारून गेली, बसू का. मी न्हाई म्हनलो. शेवटपत्तुर टोपीच बसली. काय काम निघालं असंल तुमचं. मी इचारत न्हाई.

जयराज

*

सातारा, १९ मे २०२५
(मुक्काम मिरज, वन्संच्या घरी, आक्काच्याच हातात द्यावे)

प्रिय आक्का,

तुला दया आली म्हणे माझी. वर्षभर गाडी मिळाली म्हणून तू स्वयंपाकघरात जाऊन हसलीस, हे मला साताऱ्यात ऐकू आलं.

दाजींना पकडायची संधी मला जन्मात एकदा मिळाली होती. पाच दिवस टिकली. आता मी अधिकृतपणे मूर्ख आहे, खोटारडा आहे, आणि माझा तो बिचारा खराखुरा चहावालाही थाप ठरला. हे सगळं तुझ्या स्कार्फच्या खाती जमा कर.

शनिवारी गाडी घेऊन कडेगावला गेलो. दाजींनी बॉनेट उघडून अर्धा तास तपासणी केली. मला सलाम ठोकायची इच्छा झाली, पण म्हटलं, तेवढ्यानं आणखी एक पाळी जायची.

रविवारी सकाळी मी म्हणालो, "दाजी, एक फेरी मारू. तुम्हीच चालवा." निघालो. वाटेत मी म्हटलं, "डेअरीवरनं जाऊ." त्यांनी गाडी तिकडे वळवली. डेअरीसमोर थांबले. इंजिन चालू ठेवलं.

"उतरायचं ना?"

"जरा तापू द्या. कारबुरेटर आत्ताच साफ केलाय."

"तापलंय."

"आवाज बघतोय मी."

आवाज काही नव्हताच, आक्का. मांजर घुरघुरावं एवढाच. आत लोक किटल्या घेऊन उभे होते, ते माना वळवून बघायला लागले. दाजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी हात लांब करून किल्ली फिरवली. गाडी तत्क्षणी बंद झाली. खोकणं नाही, हलणं नाही. आता बसून राहायला काही कारणच उरलं नाही. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आधी उतरलो.

आत गेलो. पहिली हाक आली ती मनुबाईची. ती काट्यापाशी बसली होती.

"आवं सुभेदार! या की. तीन म्हैनं झालं, कुटं हुता? आन ही गाडी..."

तिनं गाडी बघितली आणि तिचं तोंड आनंदानं उघडलं.

"जोतिबाला जाऊन आली," मी मोठ्यानं म्हणालो. "मी नेली होती. मीच."

मनुबाईनं माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. बाई हुशार आहे, तू मत उगीच दिलं नाहीस. "व्हय का," ती म्हणाली, "देवाची गाडी हाय मग," आणि चहा सांगितला.

भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. दाजी एकीवर टेकले, अगदी कडेला, उठायच्या तयारीनं. मी शेजारची ओढून बसलो. मला साताऱ्याची दहाची एसटी पकडायची होती, ती मी जाऊ दिली. मग अकराचीही. लोक येत होते, दूध घालत होते. आधी नुसती मान हलवत होते, मग कुणी उसाच्या तोडीचं विचारलं, कुणी म्हशीचं. दाजी हळूहळू खुर्चीत मागे सरकले. चहा दोनदा आला. मला तिथं काही काम नव्हतं, बोलायलाही काही नव्हतं. नुसता बसून होतो.

एका म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवत विचारलं, "हे कोन म्हनायचं?"

"आमचं पावणं," दाजी म्हणाले. "साताऱ्यास्नं आल्यात."

तुझा,
वीरू